मावशी, माझ्याने प्रार्थनाच होत नाही

पत्र मोठं आहे, थोडक्यात देते:

"जय ख्रिस्त मावशी. मी नाशिकला जेल रोडला राहते, वय 37. ह्यांना अंबडच्या कंपनीत 11 वर्षं झाली होती, आठ महिन्यांपूर्वी ऑर्डर नाही म्हणून घरी बसवलं. सासऱ्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. घराचे तीन हप्ते थकलेत. मी संडेस्कूल घेते, पण आत काहीच उरलं नाहीये. रात्री गुडघे टेकते आणि शब्दच येत नाही, मग तशीच झोपते. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या घरात कुठेतरी पाप असेल, नाहीतर विश्वास कमी पडतोय. बाहेरगावाहून आलेले एक सेवक म्हणतात विश्वासाचं बी पेरा, म्हणजे दान द्या, आणि पप्पांना मशिनवरून काढा, प्रभू बरं करील. माझ्याकडे दोन बांगड्या आहेत फक्त. त्या देऊ का? संडेस्कूल सोडू का? मी ढोंगी आहे का मावशी?"

जय ख्रिस्त गं पोरी. तू शेवटी विचारलंयस ते मी सगळ्यात शेवटी घेते कारण त्याला वेळ लागेल, बांगड्यांचं आणि मशिनचं आत्ताच्या आत्ता.

बांगड्या द्यायच्या नाहीत. आणि पप्पांचं डायलिसिस एकदाही चुकवायचं नाही, कोणीही सांगितलं तरी नाही, अगदी पांढरा झगा घालून सांगितलं तरी नाही. किडनी काम करत नसली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं, अंगात पाणी साचून दम लागतो तो वेगळाच, हे दोनचार दिवसांत होऊ शकतं. बरं व्हायला प्रार्थना जरूर करा, मशिनवर बसून करा. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, प्रेषित पौलाने त्याला प्रिय वैद्य म्हटलंय. आणि पौलानेच तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं, हात ठेवून बरं हो असं नाही लिहिलं (आपल्या नाशिकच्या लोकांनी ह्याचा भलता अर्थ काढू नये). आणि पौलाचा स्वतःचा काटा, शरीरातलं ते दुखणं? तीनदा प्रभूला विनवणी केली तरी निघाला नाही. आता त्या सेवकांना विचार, पौलाचं बी कमी पडलं होतं का.

आता पैशाचं, कारण तुझ्या पत्रात देवाच्या आधी हप्ता येतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण काय विचारतो, पाणी कुठपर्यंत आलं, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला की कमरेला की गळ्याला. ख्रिस्ती बाईला मारुतीचं माप लावतेय म्हणून रागावू नकोस, अख्खं नाशिक तेच माप लावतं. तुझं पाणी मला छातीपर्यंत दिसतंय. अशा वेळी माणसाला आधी वर ओढायचं असतं, तुझा पोहण्यावर विश्वास आहे का हे काठावरून विचारायचं नसतं. तर ह्यांना सांग, पाच वर्षांच्या वर नोकरी झालीये म्हणजे ग्रॅच्युइटी मिळालीच पाहिजे. आणि कायम कामगार म्हणून होते आणि कपात केली असेल तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई वेगळी. कंपनीने कुठल्या कागदावर सही घेतलीये ते काढ आणि कामगार आयुक्तांच्या ऑफिसला नाहीतर युनियनवाल्या माणसाला दाखव. डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं, योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. बँकेत स्वतःहून जाऊन बोल, फोन यायची वाट बघू नकोस.

झालं. आता तुझा खरा प्रश्न.

मी सांगते माझं, 2021 चं एप्रिल. कोरोनात आपल्या झाकिर हुसेन हॉस्पिटलातल्या ऑक्सिजन गळतीची बातमी आली त्याच आठवड्यात माझे मिस्टर आयसीयूत होते, दुसऱ्या हॉस्पिटलात, आणि मला खाली गेटपाशीसुद्धा उभं राहू देत नव्हते. मी घरी एकटी. चाळीस वर्षं उपासनेला जाणारी बाई, महिला मंडळात प्रार्थना चालवणारी, आणि माझ्या तोंडातून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' च्या पुढे काही निघेना, तिथेच अडकायची आणि मग राग यायचा, पिता म्हणे. कोणीतरी रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलाच्या फोटोवर वचन पाठवायचं, ते बघून फोन फेकावासा वाटायचा. ते गेले मेमध्ये. पुरायला आम्ही चौघंच होतो. त्यानंतर चार महिने मी चर्चला गेले नाही, ऑनलाइन पण नाही लावलं.

आमच्या मंडळीत एक म्हातारी आहे, कानाने कमी ऐकू येतं तिला. ती रोज संध्याकाळी सातला यायची, स्टीलच्या डब्यात मुगाची खिचडी, वर तुपाचा डाग, डब्याच्या झाकणाला सुतळी बांधलेली कारण ते नीट बसायचं नाही. गेटबाहेर मास्क लावून उभी राहायची. मी एकदा चिडून म्हटलं, मावशी माझ्याने प्रार्थना होत नाही, देवाचं नावसुद्धा घ्यावंसं वाटत नाही. तिला अर्धंच ऐकू आलं असणार. म्हणाली, नको करू, मी करते ना तुझी, तू डबा धुऊन ठेव. आणि तिथेच गेटवर मोठ्या आवाजात सुरू, बहिऱ्या माणसाचा आवाज तुला माहितीये, समोरच्या बिल्डिंगमधले गॅलरीत आले.

तेव्हापासून मला मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली ती गोष्ट वेगळी वाचता येते, तीच जी तू संडेस्कूलला दहा वेळा सांगितली असशील, कफर्णहूमातली. पक्षघाती माणूस, चौघांनी बाजेवर उचलून आणला, गर्दी होती म्हणून छप्पर उचकटून खाली सोडला. तिथे काय लिहिलंय ते नीट बघ. येशूने त्यांचा विश्वास बघितला असं आहे, त्यांचा. बाजेवरचा माणूस अख्ख्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. त्याला विश्वास होता की नव्हता, की तो मनात चरफडत होता की मला कशाला आणलं ह्या उन्हात, आपल्याला काही कळत नाही आणि येशूने पण विचारलं नाही.

तू आत्ता बाजेवर आहेस. बस एवढंच झालंय, ढोंगबिंग काही नाही. तू समजतेस विश्वास म्हणजे आपण एकटीने मुठीत घट्ट धरायची वस्तू आहे आणि मूठ सैल पडली की संपलं. असं असतं तर मंडळी कशाला हवी होती, प्रत्येकाने घरी बसून आपापली मूठ आवळली असती.

तू रोज शरणपूर रोडने जात असशील, ते नाव कुठून आलं माहितीये ना? 1850 च्या दशकात मिशनऱ्यांनी तिथे ख्रिस्ती वस्ती वसवली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं तिथे आणली. आईबाप कुठे ते माहीत नाही, भाषा येत नाही. त्यांना जेवू घातलं, सुतारकाम लोहारकाम शिकवलं. मिशनऱ्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण त्याच शाळेतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टन ह्या मिशनरी-संशोधकाच्या लोकांत होता, आणि 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचं शव हजार मैलांच्या वर खांद्यावरून समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत हा नाशिकचा पोरगा होता. ज्याला कोणीतरी उचलून आणलं त्याने पुढे कोणालातरी उचललं.

म्हणून तुझं काम आता प्रार्थना करणं नाही, चार जण शोधणं आहे. पाप शोधणाऱ्या बाई त्यात नकोत, संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसले तेवढेच कामाचे होते, तोंड उघडलं आणि घाण केली. पाळकसाहेबांना सरळ सांग, मला सध्या जमत नाही, तुम्ही करा. एखादी कमी बोलणारी बाई बघ. एक जण असा हवा जो पप्पांना मशिनवर सोडायला गाडी देईल, त्याला प्रार्थना येत नसली तरी चालेल. आणि ह्यांना धर चौथे, आठ महिने तो माणूस घरात बसून काय विचार करतो हे तुझ्या पत्रात एका ओळीत पण नाही बरं का.

रात्री गुडघे टेकूच नकोस काही दिवस. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मला मरू दे म्हणत पडला तेव्हा देवदूताने त्याला भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला दिलं. बोलणं नंतर झालं. अगदीच काही म्हणायचं असलं तर 88 वं स्तोत्र उघड, ते अंधारातच संपतं, शेवटी आभारबिभार काही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही.

संडेस्कूल सोडू नकोस, पण महिनाभर दुसऱ्या कोणाला तरी मुख्य धडा घेऊ दे, तू मुलांना रंगकाम दे, खाऊ वाट. आणि परत घ्यायला लागशील तेव्हा हीच बाजेची गोष्ट घे, चार पोरांना चादरीची टोकं धरायला लाव आणि सगळ्यात वजनदार पोराला मध्ये झोपव, बघ कसे ओरडतात ते.

रेशन कार्डावर पप्पांचं नाव तुमच्याबरोबर आहे का ते बघून कळव मला, नसेल तर सोमवारी पहिलं तेच काम.