नीट रिपीट करायचं का? आधी ते चुकलेले 23 प्रश्न काढा

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलीला नीट 2025 मध्ये 431 गुण, खासगी बीएएमएसला (आयुर्वेदाच्या पदवीला) नंबर लागेल, पण तिला एमबीबीएससाठी रिपीट करायचंय. तिचे बाबा नको म्हणतात, कारण रिपीट करून भाचीचे गुण 2024 पेक्षा उलट घसरले. मी नीटच्या मुलांना फिजिक्स शिकवतो, म्हणजे रिपीटर हेच माझं गिऱ्हाईक, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधी भाचीचं. 2024 ला पहिल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 होते. 2025 ला देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686. 2025 ला फिजिक्सनं भल्याभल्यांना रडवलं, त्यात ऐच्छिक प्रश्न गेले आणि वाढीव 20 मिनिटंही गेली. त्यामुळे भाचीच्या दोन्ही स्कोअरकार्डांवरची ऑल इंडिया रँक बघा, गुण नकोत. रँक सुधारलेली निघाली तर बाबांचा मुद्दा तिथेच संपतो.

आता तुमच्या मुलीचं. बायोलॉजी 282, केमिस्ट्री 88, फिजिक्स 61. फिजिक्सचे 45 पैकी 44 सोडवले, 21 बरोबर, 23 चूक. बरोबरला 4, चुकीला वजा 1, म्हणजे 84 मिळवले आणि 23 घालवले. बायोलॉजी चांगली आहे, निर्णय फिजिक्सवर अडलाय. तिला ते 23 प्रश्न पुन्हा द्या, घड्याळ न लावता, उत्तरसूची न दाखवता, कोऱ्या कागदावर. प्रत्येक प्रश्नापुढे तिनं प्रामाणिकपणे लिहायचं: परीक्षेत हा सोडवला होता की अंदाजानं ठोकला होता?

दहा-बारा आता सुटले, तर अभ्यास आहे, वेग आणि सराव नाही. चुकीचा प्रश्न बरोबर झाला की थेट 5 गुणांचा फरक पडतो, म्हणजे दहा प्रश्नांत 50. अशा मुलीनं रिपीट जरूर करावं. पण फ्री बॉडी डायग्रामच (वस्तूवरच्या बलांची आकृती) काढता येत नसेल, तर अकरावी कच्ची राहिली आहे. तरीही वर्ष पुरतं, मात्र लातूरला क्लासला नेऊन टेस्ट सिरीजला बसवलं म्हणून नाही. जूनपासून अकरावीचं मेकॅनिक्स मुळापासून करावं लागेल, आणि ते कंटाळवाणं असतं. तिची त्याला तयारी आहे का, हे तिलाच विचारा, बाबांसमोर नको. केमिस्ट्रीतही इनऑर्गॅनिकचे गुण पाठांतराअभावी गेलेले असतात, ते वसूल होतात.

बीएएमएसला प्रवेश घेऊन शेजारी नीट करायचा बेत मला पटत नाही. हजेरी, सबमिशन आणि संस्कृत सांभाळून फिजिक्स होत नाही. वर मूळ कागदपत्रं कॉलेजात अडकतात, जागा सोडताना फीवरही पाणी सोडावं लागू शकतं. आयुर्वेदाची तिला मनापासून आवड असेल तर मात्र रिपीटचा विषयच सोडा, खुशाल प्रवेश घ्या.

नातेवाईक ‘वर्ष वाया’ म्हणतील. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक वर्ष, मग पीजीची नीट. एवढ्या लांबच्या प्रवासात एक वर्ष कोणी मोजत नाही. दुसऱ्यांदा बसून आलेली मुलं प्रत्येक बॅचमध्ये असतात. तिसऱ्यांदा बसण्याबद्दल मात्र आत्ताच घरात बोलून ठेवा. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, म्हणून ती घरानंच घालावी लागते.

आणि रिपीट ठरलं तरी सीईटी सेलच्या कॅपमध्ये (राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांत) नोंदणी करा, आपला नंबर कुठे लागतो ते कळेल. पुढच्या फेऱ्यांत लागलेली जागा न घेतल्यास काय होतं, ते मात्र माहितीपुस्तिकेत वाचूनच विकल्प भरा. तुम्ही ओबीसी असाल आणि जातपडताळणी झाली नसेल तर ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ होते, ती याच वर्षात करून घ्या. नॉन-क्रीमीलेयर दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते का, तेही बघा.