कोविडचे नियम गेले, पण टेस्ट कधी करायची आणि किती दिवस लांब राहायचं

तुम्ही विचारलंय, आता कोविडची टेस्ट कोणी करतं का? हो, अजून लोक टेस्ट करतात. खूप कमी करतात, आणि जे करतात ते कोणाला सांगत बसत नाहीत म्हणून दिसत नाहीत एवढंच. तुम्ही लिहिलंय की कालपासून घसा दुखतोय, अंग मोडून आलंय, नवरा म्हणतो साधी सर्दी आहे, आता कोण कोविडची टेस्ट करतं, आणि रविवारी सासूबाईंना भेटायला जायचंय ज्यांची केमो चालू आहे. तर माझं उत्तर आधीच सांगते, टेस्ट जरूर करा, पण ती निगेटिव्ह आली तरी ह्या रविवारी जाऊ नका. का ते खाली लिहितेय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी डॉक्टर नाही. माझ्या भावाचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, तो आमच्याबरोबरच राहतो, आणि किडनी टिकावी म्हणून त्याला इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागणार आहेत, त्यामुळे बाकी सगळ्यांनी हा विषय सोडून दिला तेव्हा आम्हाला तो सोडता आला नाही. त्याच्या डॉक्टरांना वेळोवेळी विचारून, वाचून आणि घरात प्रत्यक्ष करून जे पक्कं झालंय तेवढंच लिहिते.

नियमांचं आधी सांगते कारण तुमचे मिस्टर बहुतेक तिथेच अडलेत. इंग्लंडमध्ये आयसोलेशनची कायदेशीर सक्ती २४ फेब्रुवारी २०२२ ला गेली आणि १ एप्रिलपासून बहुतेकांसाठी फुकट टेस्टही बंद झाल्या, ऑस्ट्रेलियात सक्ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली, अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) डिसेंबर २०२१ मध्ये आयसोलेशनच्या १० दिवसांचे ५ केले आणि १ मार्च २०२४ ला ते ५ सुद्धा काढून टाकले. मधे ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, आणि त्याच दिवशी हेही स्पष्ट सांगितलं की रोगाचा धोका संपलेला नाही, पण ते दुसरं वाक्य फारसं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ह्या सगळ्याचं कारण असं की लस आणि आधीची इन्फेक्शन्स मिळून बहुतेकांच्या अंगात आता थोडीफार प्रतिकारशक्ती आहे, त्यामुळे हॉस्पिटलात जाण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण पूर्वीपेक्षा पुष्कळ खाली आलंय. हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण हा हिशोब सरसकट लोकसंख्येचा आहे, आणि केमो चालू असलेल्या माणसाचा हिशोब त्यात कधीच धरलेला नव्हता.

शिवाय टेस्ट करणं थांबलं त्यात आजाराचा भाग थोडा आणि सोयीचा भाग जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे. फुकट किट गेले, पॉझिटिव्ह आल्यावर मिळणारी रजा गेली, आता पॉझिटिव्ह आलं की पगार कापून घेऊन घरी बसायचं नाहीतर मनात अपराधी वाटत कामावर जायचं, मग माणूस म्हणतो नकोच ती टेस्ट. ज्याचं हातावर पोट आहे त्याला मी ह्यात दोष देणार नाही. घरी केलेल्या टेस्टची नोंदही कुठे होत नाही, म्हणून सरकारी आकडे बघून साथ आहे की नाही हे आता नीट कळत नाही, बऱ्याच देशांत सांडपाण्यातला व्हायरस मोजून अंदाज घेतात.

मग टेस्ट कधी करायची? उत्तर कळल्यावर तुम्ही काहीतरी वेगळं करणार असाल तेव्हा. घरात किंवा दोन-तीन दिवसांत भेटणाऱ्यांत कोणी म्हातारं, केमोवालं, ट्रान्सप्लांटवालं, गरोदर किंवा अगदी तान्हं बाळ असेल तर, आणि तुम्ही स्वतः त्या गटात असाल तर ताबडतोब, कारण औषधाची वेळ निघून जाते (त्याचं पुढे लिहिते). एकटे राहता, तब्येत ठणठणीत आहे आणि तसंही दोन-चार दिवस घरीच पडून राहणार असाल तर टेस्ट नाही केली तरी माझं काही म्हणणं नाही, आजारी असताना लोकांत जाऊ नका म्हणजे झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ह्यावरच बहुतेक लोक फसतात. पहिल्या दिवशीची निगेटिव्ह टेस्ट काहीच सिद्ध करत नाही. २०२० मध्ये लक्षणं सुरू व्हायची तोवर शरीरात व्हायरस भरपूर वाढलेला असायचा. आता आपलं शरीर त्याला आधीपासून ओळखतं, त्यामुळे घसा दुखणं, अंगदुखी हे सगळं लवकर सुरू होतं, पण व्हायरसचं प्रमाण शिखराला पोचतं ते लक्षणांच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. घरगुती रॅपिड टेस्टला रेघ उमटायला व्हायरसचं प्रोटीन बऱ्यापैकी प्रमाणात लागतं. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि टेस्ट किट ह्यांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) ऑगस्ट २०२२ पासूनच सांगितलंय की लक्षणं असतील तर निगेटिव्ह आल्यावर ४८ तासांनी पुन्हा करा, आणि लक्षणं नसताना संशय असेल तर ४८-४८ तासांच्या अंतराने तीनदा. म्हणजे तुम्ही आज करून निगेटिव्ह आली आणि निघालात, तर नेमकं जास्तीत जास्त पसरवायच्या दिवशी सासूबाईंच्या शेजारी बसलेल्या असाल.

आमच्याकडे पुतण्याचं हेच झालं होतं. घसा धरला, त्याच दिवशी केलेली टेस्ट एकदम स्वच्छ, त्याला वाटलं सुटलो, पण आम्ही तरीही भावाला त्याच्यापासून लांबच ठेवलं. दोन दिवसांनी पुन्हा केली तर टी च्या जागी (पॉझिटिव्ह असेल तर जिथे रेघ येते तिथे) इतकी फिकट गुलाबी रेघ की समोरून बघितली तर दिसेना, खिडकीशी नेऊन पट्टी जरा तिरकी धरली की दिसायची. तो म्हणे ही सावली आहे. फिकट असली तरी रेघ ती रेघच, किटवर दिलेल्या वेळात आलेली कितीही पुसट रेघ पॉझिटिव्हच धरायची. दुसऱ्या दिवशी तीच रेघ ठळक झाली. उलट किट तसंच टेबलावर पडून राहिलं आणि दोन-तीन तासांनी काहीतरी करडं दिसायला लागलं तर ते मोजायचं नाही. दिलेली मिनिटं पाळा, किट फ्रीजसारखं गार असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, आणि काडी दोन्ही नाकपुड्यांत कागदावर लिहिलंय तशी नीट फिरवा. नुसती टेकवून काढली की टेस्ट निगेटिव्ह येते आणि आपण खूश होतो.

तुम्ही विचारलंय आयसोलेशन अजून कोण पाळतं आणि किती दिवस. पूर्ण खोलीत कोंडून घेणारे फारच थोडे राहिलेत, तेवढ्याची गरजही सगळ्यांना नसते. सीडीसी आता म्हणते की ताप उतरवणारी गोळी न घेता २४ तास ताप नाही आणि एकूण बरं वाटतंय, असं झालं की बाहेर पडा, पण त्यापुढचे ५ दिवस मास्क, हवा खेळती, अंतर ही काळजी घ्या. लोक पहिला अर्धा ऐकतात आणि पुढचे ५ दिवस विसरतात. आणि "गोळी न घेता" हे पण विसरतात, पॅरासिटामॉल घेऊन ताप उतरला तो उतरला नव्हे.

व्हायरस किती दिवस बाहेर पडतो ह्याबद्दल एक ठोस गोष्ट सांगते. ब्रिटनमध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम व्हायरस सोडून अभ्यास केला होता (२०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, व्हायरस अगदी सुरुवातीचा होता). १८ जणांना लागण झाली आणि त्यांच्यात जिवंत, दुसऱ्याला लागू शकेल असा व्हायरस सरासरी साडेसहा दिवस सापडला, काहींत त्याहून बराच जास्त. म्हणजे बरं वाटायला लागलं तरी आपण पसरवत असू शकतो. म्हणून आमच्या घरचा नियम असा आहे की आजारी माणूस रॅपिड टेस्ट ४८ तासांच्या अंतराने दोनदा निगेटिव्ह आल्याशिवाय भावाच्या खोलीत जात नाही, मग त्याला ६ दिवस लागोत नाहीतर ११. ह्यासाठी पीसीआर (लॅबमध्ये होणारी टेस्ट) करू नका बरं का, व्हायरसचे मेलेले तुकडे सुद्धा तिला सापडतात त्यामुळे ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते आणि तुम्ही उगाच अडकून पडाल.

वेगळी खोली नसेल तर काही उपयोग नाही असं बरेच जण म्हणतात, ते चुकीचं आहे. हा व्हायरस मुख्यतः हवेतून पसरतो, बंद जागेत धुरासारखा तरंगत राहतो, माणूस निघून गेला तरी मागे राहतो. त्यामुळे सगळा जोर हवेवर द्या, खिडक्या उघड्या ठेवा, बाथरूम वापरून झालं की एक्झॉस्ट चालू ठेवा, एकत्र जेवायला बसू नका कारण तेव्हा मास्क निघतो, आणि मास्क एन९५ घ्या जो गालाला चिकटून बसतो, कापडी नको. दाराच्या कड्या पुसत बसण्यात जो वेळ जातो तो हवेसाठी द्या.

औषधाचं आता. पॅक्सलोविड, म्हणजे कोविडवरच्या गोळ्या, लक्षणं सुरू झाल्यापासून ५ दिवसांच्या आत सुरू करावं लागतं, म्हणूनच धोक्यातल्या माणसाने "बघू दोन दिवस" करायचं नसतं. पण त्यात रिटोनाविर असतं आणि ते दुसऱ्या कितीतरी औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. माझ्या भावाची टॅक्रोलिमस नावाची गोळी त्यातलीच, ती वाढली तर आहे ती किडनीच धोक्यात, म्हणून त्याला लागण झाली तेव्हा डॉक्टरांनी पॅक्सलोविड टाळून रेमडेसिव्हिर शिरेतून दिलं, ते लक्षणांच्या पहिल्या ७ दिवसांत सुरू करून तीन दिवस देतात. काही केमोच्या औषधांचं आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचंही असंच आहे. आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर त्याच्या सगळ्या गोळ्या, डोस आणि डॉक्टरांचा नंबर. रात्री अकराला फोन करायची वेळ आली तेव्हा वहिनीने तो कागद बघून धडाधड वाचून दाखवला, नाहीतर त्या घाईत कोणाला काही आठवलं नसतं. सासूबाईंसाठी असा कागद आजच करा, आणि त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा की कोविड झाला तर तुम्ही काय द्याल.

आता निगेटिव्ह आली तरी जाऊ नका असं का म्हटलं ते. तुम्हाला कोविड नसेल तर फ्लू असेल, आरएसव्ही (सर्दी-खोकल्याचा आणखी एक व्हायरस) असेल, आणि केमोत पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना ते सुद्धा साधं नसतं. घसा दुखतोय एवढं कारण पुरेसं आहे. व्हिडिओ कॉल करा, हवं ते पाठवून द्या, पुढच्या आठवड्यात जा. मिस्टरांना लक्षणं नसली तरी ते तुमच्याबरोबर एका खोलीत झोपताहेत, त्यांनाही थांबवा, लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस पसरवत असतो. त्यांना वाईट वाटेल, आईला भेटायचं राहिलं म्हणून चिडतीलही, पण सासूबाईंना तुम्ही स्वतः सांगा की मला बरं नाही आणि तुम्हाला लागायला नको म्हणून थांबलोय. माझ्या अनुभवात आजारी माणसाला हे ऐकून राग येत नाही.

आणि मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन आला असाल तर तेही त्यांना सांगा. त्यांना ३८ डिग्री म्हणजे १००.४ च्या वर ताप गेला तर कोविडची टेस्ट करत बसायचं नाही, पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, त्याच क्षणी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून हॉस्पिटल गाठायचं, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात. केमोतला ताप इमर्जन्सी असतो. थर्मामीटर त्यांच्या उशाशी आहे का आणि तो चालतोय का, हे आज फोन कराल तेव्हा आधी विचारा.