पुण्याहून एका दिवसाची मुंबई: होमस्कूलिंगवाल्या घरासाठी वेळा, गाड्या आणि राजाबाई टॉवरची उंची

तुमचा प्रश्न असा: मुलं 7 आणि 12 वर्षांची, दोघंही शाळेत जात नाहीत, पुण्याहून सकाळी निघून रात्री परत यायचंय, आणि यादीत घारापुरी, नेहरू सायन्स सेंटर, राणीची बाग, म्युझियम आणि गेटवे. यातली पहिली तीन काढून टाका. घारापुरीची लाँच एका बाजूला साधारण तासभर घेते. वर पायऱ्या, लेणी आणि परतीची लाँच धरली की दिवस तिथेच संपतो. सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात लाँचचा भरवसा नाही. सायन्स सेंटर वरळीला आहे आणि त्याला स्वतंत्र दिवस लागतो. आता मेट्रो 3 चं स्टेशन तिथेच असल्याने पुढच्या खेपेला ते सोपं आहे. राणीची बाग भायखळ्याला, म्हणजे वेगळ्या दिशेला, आणि बुधवारी बंद.

उरलं ते फोर्ट आणि कुलाब्याच्या टोकापर्यंतचं दोन-अडीच किलोमीटरचं वर्तुळ. एका दिवसाला ते भरपूर आहे. वयात पाच वर्षांचं अंतर असलेल्या मुलांना एकच ठिकाण दोन पातळ्यांवर दाखवायचं तर विषय एकच धरावा लागतो. या भागासाठी सर्वांत चांगला विषय म्हणजे इमारती कशाच्या बांधल्यात. धाकटं बोट लावून दगड ओळखतं, मोठं त्यामागचं कारण शोधतं.

वार मंगळवार ते गुरुवार धरा. शनिवार-रविवारी गेलात तर शाळेत न जाण्याचा सगळा फायदा गेला. महिना डिसेंबर किंवा जानेवारी. याच महिन्यांत शाळांच्या सहलींच्या बसही येतात, पण त्या बहुतेक सकाळी येतात आणि जेवणाच्या सुमाराला पांगतात. म्हणून म्युझियम दुपारी ठेवायचं, सकाळी उघडल्या उघडल्या नाही. बहुतेक जण नेमकं उलट करतात आणि मग काचेच्या पेटीपुढे तीन रांगांच्या मागे उभे राहतात.

गाडी सिंहगड एक्सप्रेस: पुण्याहून 6:05, सीएसएमटीला 9:55 च्या सुमारास. परतीला तीच 17:50 ला. डेक्कन क्वीन जाताना चांगली आहे, पण तिची परतीची 17:10 ची वेळ मुलांसोबत गाठायची म्हणजे दुपारभर घड्याळाकडे बघत राहावं लागतं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. वेळा तेव्हा पुन्हा तपासा, अधूनमधून बदलतात. दोन्ही मुलांचं पूर्ण भाडं धरा. 12 पूर्ण झालेल्याला तर ते लागतंच, पण चेअर कार आणि टू-एसमध्ये (साधं सेकंड सीटिंग) धाकट्यालाही बिनसीटचं अर्धं तिकीट मिळत नाही.

विषय गाडीतच सुरू होतो. लोणावळ्यानंतर बोगद्यांच्या तोंडाशी काळा बसाल्ट थरांत दिसतो, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. बोरघाटाचा चढ 37 ला 1 आहे. मोठ्याकडून टक्के काढून घ्या (2.7). परतीला कर्जतला गाडी थांबते तेव्हा मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, ती याच चढासाठी.

सीएसएमटीला उतरल्यावर आधी स्वच्छतागृह, कारण पुढे दीड-दोन तास भरवशाची सोय नाही. इमारत मात्र आत्ता बघत बसू नका. तिचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, सकाळी सावलीत असतो. ती संध्याकाळसाठी ठेवा. गाडी उशिरा आली तरी मग वेळापत्रक कोलमडत नाही. 10:20 ला दादाभाई नौरोजी रस्त्याने चालायला लागा. इमारतींच्या तळाला सलग कमानी आहेत, त्यामुळे हुतात्मा चौकापर्यंतचा साधारण किलोमीटरभर रस्ता बराचसा सावलीतून होतो. चौकात फ्लोरा फाउंटन (1864) आहे. त्याचा दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलँड चुनखडक. पायाखाली अख्खी दख्खन बसाल्टची असताना बोटीतून दगड का आणला असेल, हा प्रश्न मोठ्याला द्या आणि उत्तर सांगू नका. शेजारीच संयुक्त महाराष्ट्राचं हुतात्मा स्मारक आहे, तिथे पाच मिनिटं थांबा.

तिथून ओव्हल मैदान. दिवसातला सर्वांत कसदार अर्धा तास हा. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दोन्ही 1878 च्या सुमाराचे, दगडी गॉथिक. पश्चिमेला समुद्रात भर घालून मिळालेल्या जमिनीवरच्या मुख्यतः 1930 च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. गोल वळणाचे सज्जे, खिडक्यांवर सलग छज्जे. 2018 मध्ये या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा यादीत गेल्या. पूर्वेकडे कमानी का आणि पश्चिमेकडे अधांतरी सज्जे का? दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून त्याला कमान लागते. काँक्रीटमध्ये लोखंडी सळई घातली की ती ताण घेते आणि सज्जा खांबाशिवाय बाहेर काढता येतो. हे पुस्तकात दोन पानं घेतं, इथे मान वळवली की झालं.

आता टॉवरची उंची मोजा. घरून कोनमापक, जाड दोरा, एक नट आणि स्ट्रॉ न्या. कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा, मध्यबिंदूच्या भोकातून दोरा ओवून टोकाला नट बांधा. मोठ्याने स्ट्रॉमधून टॉवरचं टोक धरायचं, धाकट्याने दोरा कुठे आहे ते वाचायचं. दोरा 45 वर येईपर्यंत मागे-पुढे सरका. त्या जागेपासून टॉवरच्या बुंध्यापर्यंतचं अंतर अधिक डोळ्याची जमिनीपासूनची उंची म्हणजे टॉवरची उंची. मैदानातलं अंतर पावलांनी मोजा (मुलाचं पाऊल आधी घरी टेपने मोजून ठेवा). रस्ता आणि विद्यापीठाचं आवार पावलांनी मोजता येत नाही, तेवढं फोनच्या नकाशावरून घ्या. खरी उंची सुमारे 85 मीटर. उत्तर 70 आलं तर बहुधा टोकाऐवजी घड्याळाच्या वरचा भाग धरलाय, दीड मीटरने कमी आलं तर डोळ्याची उंची मिळवायची राहिली. या कोनाला एका अंशाची चूक जवळपास 3 मीटर फरक पाडते, म्हणून तीन वाचनं घेऊन सरासरी काढा. वाऱ्याने दोरा हलत असेल तर नट जड घ्या. आणि क्रिकेटच्या पिचकडे पाठ करून उभं राहू नका, तिथे एका वेळी बरेच सामने चालतात.

11:40 च्या आत चर्चगेट स्टेशनबाहेर पोहोचा. डबेवाले लोकलमधून उतरवलेले डबे याच सुमारास फुटपाथवर लावून वाटणी करतात. झाकणावरचा रंग, अक्षरं आणि आकडे बघून मुलांना सांकेतिक लिपी उलगडू द्या, पण लांबून. दहा मिनिटांचं काम असतं आणि मधे उभं राहिलं तर ओरडा बसतो, तो योग्यच. कोविडनंतर डबे घटलेत आणि बँकांच्या सुट्टीला दृश्य अगदीच विरळ असतं.

जेवण 12:15 च्या आत, चर्चगेटजवळच्या कुठल्याही उडप्याकडे. पाऊण वाजता ऑफिसं सुटली की टेबल मिळत नाही. मग काळी-पिवळी करून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, टॅक्सीचालकाला ‘म्युझियम’ म्हणा. पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये, मीटरनेच जा.

म्युझियममध्ये दोन तास आणि जास्तीत जास्त तीन दालनं. सगळं बघायचा हट्ट केला तर धाकटं चौथ्या दालनात जमिनीवर बसतं. निसर्ग-इतिहास विभाग त्याच्यासाठी, शस्त्रांच्या दालनातलं अकबराचं 1581 सालचं चिलखत दोघांसाठी, आणि प्राचीन इराकमधल्या निमरुदच्या राजवाड्यातली अ‍ॅसिरियन शिल्पपट्टं मोठ्यासाठी. बाहेर आल्यावर भिंतीला भिंग लावा: करडा कुर्ल्याचा बसाल्ट आणि पिवळसर मालाडचा दगड. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलाय. खाणं आत नेता येत नाही आणि मोठ्या बॅगा दारात ठेवाव्या लागतात, त्यामुळे प्रत्येकी छोटी सॅक पुरे. विद्यार्थी सवलत मागाल तर ओळखपत्र मागतात, ते आपल्या मुलांकडे नसतं. एनआयओएसचं (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचं) दहावीचं कार्ड नोंदणी झाल्यावर हातात येतं आणि त्याला किमान वय 14. तोवर वयावरचं तिकीट घ्या, आधार कार्ड जवळ ठेवा. ‘आज शाळा नाही का?’ हे दिवसभरात कोणीतरी विचारणारच. मुलांना एक वाक्याचं उत्तर आधीच शिकवून ठेवा, तुम्ही समजावत बसू नका.

साडेतीनला निघून चालत गेटवे, दहा मिनिटं. वास्तुकार म्युझियमचाच, जॉर्ज विटेट. 4 डिसेंबर 1924 ला उद्घाटन झालं, उंची 26 मीटर. दगड पिवळसर बसाल्ट. घाटात काळा बघितलेल्या मुलांना हे पटत नाही, वाद घालू द्या. पिशव्या तपासायला रांग असते. अर्ध्या तासाहून जास्त थांबू नका. आइस्क्रीम आणि फोटोवाले वेळ खातात.

4:20 ला टॅक्सी पकडा. पाचनंतर तेच अंतर दुप्पट वेळ घेतं. रस्ता तुंबलेला दिसला तर हुतात्मा चौकातून मेट्रोने पुढचंच स्टेशन सीएसएमटी, 10 रुपये. भुयारात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, तिकीट खाली उतरण्याआधी काढा. आता उन्हात उजळलेली सीएसएमटी समोरच्या फुटपाथवरून बघा. दारावरचा सिंह इंग्लंडचा, वाघ भारताचा. धाकट्याला बाकीचे प्राणी मोजायला लावा, मोर आणि माकडं सहज सापडतात. समोरच्या कॅपिटल सिनेमाच्या इमारतीतल्या ‘आराम’मधून वडापाव बांधून घ्या आणि 5:25 ला फलाटावर.

सिंहगड चुकलीच तर पुढच्या गाडीची वाट बघत स्टेशनात बसू नका. लोकलने दादर आणि तिथून शिवनेरी बस. लोकलचं तिकीट धाकट्याला अर्धं लागतं, पण सहाच्या गर्दीत मुलांसह चढायचं असल्याने दोघांपैकी एकाने सॅक पुढे घ्या आणि गाडी सीएसएमटीहून सुटणारी, बसायला जागा असलेलीच पकडा.