वाचक विचारतात : पाळणा कोणाच्या हातात?

प्रश्न : मुली शिकल्या, कमावत्या झाल्या की पाळणा आपोआप लांबतो, असं आम्ही वर्गात शिकवतो. मग बांगलादेशात खेड्यातल्या बहुतेक बायका निरक्षर असतानाच मुलांची संख्या कशी घटू लागली?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ‘आपोआप’ तेवढं गाळा. १९७५च्या सुमारास तिथं बाईमागे सरासरी सहाहून जास्त मुलं होत. आता अडीचच्या आत आली आहेत. यातलं कळीचं उदाहरण चांदपूर जिल्ह्यातल्या मतलबचं. तिथं १९७५मध्ये घरोघर गर्भनिरोधक गोळ्या वाटल्या, त्याही गावातल्या वयस्क, बहुतेक निरक्षर बायकांकरवी. सुरुवातीला गोळ्या खपल्या, मग वापर ओसरला. मळमळ किंवा रक्तस्राव झाला की विचारायचं कोणाला?

१९७७मध्ये पद्धत बदलली. त्याच गावांतल्या शिकलेल्या, लग्न झालेल्या, तरुण सेविका नेमल्या. दर पंधरवड्याला घरी फेरी आणि गोळी, इंजेक्शन, तांबी, निरोध यांतून निवड. पडद्यामुळे बाईला दवाखान्यापर्यंत जाता येत नव्हतं, म्हणून दवाखानाच उंबऱ्यावर आला. तीन महिन्यांचं इंजेक्शन विशेष चाललं, कारण गोळ्यांचं पाकीट उशीखाली सापडतं, इंजेक्शन सापडत नाही. पण त्यानं पाळी अनियमित होते, अधूनमधून डाग पडतात आणि तेवढे दिवस नमाजही चुकतो. हे आधी सांगितलं नाही तर दुसऱ्या डोसला बाई येत नाही. पंधरवड्याची फेरी कामी आली ती इथंच.

म्हणजे बाईचं स्थान उंचावण्याची वाट न पाहताही पाळणा लांबला. पण बाईचं स्थान त्यामुळे सुधारलं, असं मात्र समजू नका. अठराच्या आत मुलीचं लग्न उरकणं तिथं अजूनही सर्रास चालतं. १९९४पासून ग्रामीण मुलींना माध्यमिक शाळेसाठी मिळालेल्या विद्यावेतनात ७५ टक्के हजेरीबरोबर ‘अविवाहित राहणे’ ही अटच होती, ती उगाच नव्हे.

प्रश्न : आमच्या ३०० घरांच्या गावात बायकांचं स्थान आणि मुलांची संख्या यांची पाहणी करायची आहे. काय विचारावं?
— समाजशास्त्राचे विद्यार्थी, यवतमाळ

उत्तर : ‘घरात निर्णय कोण घेतं?’ असं मोघम विचाराल तर ‘दोघं मिळून’ हेच उत्तर येईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले तीन विषय घ्या : स्वतःचं औषधपाणी, मोठी खरेदी, माहेरी जाणं. तेही शेवटच्या प्रसंगावरून विचारा. मागच्या वेळी माहेरी गेलात तेव्हा कोणाला विचारलं? एसटीचं भाडं कोणी दिलं? बँक खातं आहे का, यापेक्षा पैसे काढायला स्वतः जाता का, हे महत्त्वाचं.

‘मुलं किती?’ या प्रश्नात सासरी गेलेल्या मुली आणि दगावलेली बाळं हमखास सुटतात. घरात असलेली, बाहेर असलेली, जन्मून गेलेली, अशी मुलगे-मुली वेगवेगळी मोजा. लग्नाचं वय कायद्याच्या धाकानं ‘अठरा’च सांगतात, पहिल्या बाळंतपणाचं साल आणि तेव्हाचं वय विचारून मागे मोजा.

एवढ्या लहान गावात वर्षाला जेमतेम वीसेक बाळं जन्मतात, त्यावरून जननदर काढू नका. चाळिशी ओलांडलेल्या बायकांना एकूण किती मुलं झाली, ते पाहा. वयोगट मात्र वेगळे ठेवाच. पंचेचाळिशीची बाई आता सासू झालेली असते. तिचा शब्दही चालतो आणि तिला मुलंही जास्त असतात. सगळ्यांची सरमिसळ केलीत तर जिचा शब्द चालतो तिलाच मुलं जास्त, असा उलटाच निष्कर्ष निघेल.

जोडीनं जा. सासूबाई ओट्यावरून हलणार नाहीत. एकीनं त्यांना वेगळे प्रश्न विचारत अंगणात बसवावं, तोवर दुसरीनं सुनेशी आत बोलावं.