मोलिब्डेनम-तांबे सल्फाइड क्लस्टर कसे करतात, आणि क्ष-किरणांनी रचना मिळाली की काम संपते का?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी दोन वेगवेगळ्या धातूंचा सल्फाइड क्लस्टर (गंधकाने एकत्र बांधलेला धातूंच्या अणूंचा समूह) करायचा असेल तर सुरुवात कोठून करावी, आणि स्फटिकरचना मिळाली की ओळख पक्की झाली असे धरावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यात, पाषाणच्या बाजूला, याच प्रकारच्या संयुगांवर काम करतो. दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे, आणि प्रकल्पाची आखणी करतानाच ते लक्षात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात अमोनियम टेट्राथायोमॉलिब्डेटपासून करा. अमोनियम मॉलिब्डेट तीव्र अमोनियात विरघळवून त्यात हायड्रोजन सल्फाइड सोडला की द्रावण पिवळ्यावरून नारिंगी आणि पुढे गडद लाल होते, आणि थंड केल्यावर हिरवट चमक असलेले लाल स्फटिक खाली बसतात. हे काम चांगल्या फ्यूम हूडमध्येच (विषारी वायू बाहेर खेचून घेणाऱ्या कपाटातच) करावे, कारण हा वायू जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते आणि धोका कळत नाही. तयार झालेले हे मीठ, म्हणजे थायोमॉलिब्डेट, कोरडे ठेवा. पावसाळ्यातल्या दमट हवेत बाटली वरचेवर उघडली तर गंधकाची जागा हळूहळू ऑक्सिजन घेऊ लागतो.

या आयनात मोलिब्डेनमभोवती चार गंधक चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर असतात आणि प्रत्येक बंध सुमारे 2.18 अँगस्ट्रॉमचा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) असतो. चतुष्फलकाला सहा कडा असतात आणि प्रत्येक कडेवरच्या दोन गंधकांना एक तांबे धरता येते, म्हणून तांब्याचे प्रमाण वाढवत नेले की सरळ रेषेतल्या तीन धातूंपासून सहा तांब्यांनी वेढलेल्या मोलिब्डेनमपर्यंत अनेक आकार मिळतात. अमोनियमच्या जागी टेट्राएथिलअमोनियम आणले की मीठ डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड हा द्रावक) किंवा अॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळते. त्यात क्युप्रस क्लोराइड, आणि हवे असल्यास ट्रायफिनाइलफॉस्फीन घालतात. अभिक्रिया चटकन होते. वेळ खातो तो स्फटिक वाढवणे. डायक्लोरोमिथेन 40 अंशांच्या जवळपास उकळते, त्यामुळे एप्रिल-मेमधल्या पुण्यातल्या दुपारी ते उघड्या भांड्यात भराभर उडून जाते आणि हाती फक्त भुकटी लागते. त्याऐवजी अरुंद नळीत द्रावणावर ईथरचा थर हलक्या हाताने सोडून ती बंद करून थंड जागी ठेवावी. स्फटिकात द्रावक अडकलेला असतो, म्हणून स्फटिक मातृद्रावातून (ज्या द्रावणात तो वाढला त्यातून) काढल्यावर लगेच जाड तेलात घ्यावा आणि मोजणी 100 केल्विनच्या आसपास करावी.

आता मूळ मुद्दा. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. अणूवर मूलद्रव्याचे नाव लिहिलेले नसते. एक प्रसिद्ध क्लस्टर घ्या, ज्यात घनाच्या एकाआड एक कोपऱ्यांवर एक मोलिब्डेनम व तीन तांबे आणि उरलेल्या कोपऱ्यांवर तीन गंधक व एक क्लोरीन असतो. गंधकाचे इलेक्ट्रॉन 16, क्लोरीनचे 17. नुसत्या इलेक्ट्रॉन घनतेवरून हे दोन वेगळे काढणे जवळजवळ अशक्य आहे. बंधांच्या लांबीवरूनच अंदाज करावा लागतो. मोलिब्डेनमला घनाबाहेरच्या टोकाला जोडलेल्या अणूचेही तसेच: तो गंधक असेल तर अंतर सुमारे 2.1 ते 2.2 अँगस्ट्रॉम भरते, ऑक्सिजन असेल तर 1.7. पण तुमचे थायोमॉलिब्डेट थोडे जरी खराब झालेले असेल, तर काही रेणूंत एक आणि काहींत दुसरा असे मिश्रण एकाच स्फटिकात बसते, आणि त्या अणूचा उष्मीय लंबगोल (अणू जागेवर किती हलतो ते दाखवणारा चित्रातला आकार) बंधाच्या दिशेने विचित्र ताणलेला दिसतो. असा लंबगोल दिसला की संगणकाने दिलेला लहान आर-अंक (रचना मोजणीशी किती जुळते ते सांगणारा आकडा) पाहून समाधान मानू नका. इन्फ्रारेड वर्णपटात प्रति सेंटिमीटर 900 च्या आसपास मोलिब्डेनम-ऑक्सिजन बंधाचे शिखर आहे का ते पाहा, मूलद्रव्य विश्लेषण करा, आणि मास स्पेक्ट्रमही घ्या. मोलिब्डेनमची नैसर्गिक समस्थानिके सात असल्याने त्याचा ठसा ओळखायला सोपा जातो.

नायट्रोजन स्थिर करणाऱ्या नायट्रोजिनेज या विकरामधल्या (एन्झाइममधल्या) लोह-मोलिब्डेनम-गंधक क्लस्टरचेही असेच झाले. त्याची रचना 1992 साली कळली, पण मध्यभागी एक हलका अणू आहे हे 2002 साली, अधिक सूक्ष्म मोजणीनंतर दिसले. तो नायट्रोजन की कार्बन हा प्रश्न मात्र 2011 सालापर्यंत सुटला नाही, आणि शेवटी वर्णपटाचा आधार घेतल्यावरच तो कार्बन असल्याचे निश्चित झाले. तुमच्या प्रबंधातही रचनेच्या चित्राशेजारी हे इतर पुरावे असलेच पाहिजेत, आणि ज्या नमुन्यातून स्फटिक निवडला त्याच नमुन्याचे ते असावेत. वेगळ्या वेळी केलेल्या भुकटीचे विश्लेषण त्या स्फटिकाबद्दल काहीच सांगत नाही.