दलालाची उचल आणि अ‍ॅपवरचं कर्ज

दापोली

प्रिय,

कॉलेजात ‘डिजिटल अर्थव्यवस्था’ असा नवा पेपर सुरू करायचा प्रस्ताव तू लिहितेयस, हे कळलं. जरूर लिही. पण मुंबई विद्यापीठाच्या अभ्यास मंडळातून तो फिरून रत्नागिरीला येईपर्यंत तुझी ही तुकडी पदवी घेऊन गेलेली असेल. आणि आला तरी त्यात काय असणार? यूपीआय म्हणजे काय, ब्लॉकचेनचे फायदे-तोटे, थोडक्यात टिपा लिहा. २०१६ साली यूपीआय आलं तेव्हा ही मुलं शाळेत होती. वडापावचे पैसेसुद्धा क्यूआर कोडवर देणाऱ्यांना ती व्याख्या कशाला?

त्यापेक्षा पैशाचं कालमूल्य (आजचा रुपया उद्याच्या रुपयाहून मोलाचा) शिकवतेस, तिथेच अ‍ॅपवरचं एक कर्ज घे. १०,००० मंजूर, ६०० प्रक्रिया शुल्क आधीच कापलं, हातात ९,४००. ३० दिवसांनी १०,२०० फेडायचे. व्याज ‘फक्त २ टक्के’. मुलं वर्षाचे २४ टक्के सांगून मोकळी होतील. मग ९,४०० वर ८०० गेले हे दाखव. साध्या हिशेबानेही वार्षिक दर १०३ टक्क्यांच्या वर जातो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जात एकूण वार्षिक दर आधी दाखवणं सक्तीचं का केलं, हे वेगळं समजवावं लागणार नाही.

लगेच शेजारी दलालाची उचल मांड. वर्गात कितीतरी जणांच्या घरी हापूसची कलमं असतील. फवारणीला उचल घ्यायची, एप्रिलात पेट्या त्यालाच पाठवायच्या, पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, उचल वळती. कागदावर व्याज शून्य. मग ते लपलंय कुठे, दलालीत की भावात? प्रश्न घरी नेऊ देत. वडिलांशी वाद होतील, होऊ देत.

पुढचा तास मासळीवाल्या मावशीच्या यूपीआय जमेचा. तिला विचारून, नाव-नंबर झाकून. १ जून ते ३१ जुलै जमा आटते. लांबच्या शहरात कर्ज कुणाला द्यायचं हे ठरवणारं मॉडेल बनवणाऱ्याला धंदा बुडाल्यासारखा दिसेल. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरच्या पोराला या दोन महिन्यांची मासेमारी बंदी ठाऊक असते. तिचे हप्ते कसे बसवायचे, ते त्याला एक्सेलमध्ये मांडू दे. (लॅबमधले संगणक बंद असले तर मोबाइलवरही शीट उघडतं.) पायथन प्रोग्रामिंगची घाई नको.

अंतर्गत गुण तुझ्या हातात आहेत. तिथे एकच विचार: या मावशीला कर्ज द्याल का, किती, हप्ते कोणत्या महिन्यांत? तपासायला वेळ लागेल, सहकारी कुरकुरतील. अर्धे गुण हिशेबाला, अर्धे कारणाला. कर्ज नाकारणाऱ्यालाही पूर्ण गुण दे, कारण पटलं तर.

तुझे सर