अंजिरातला किडा: सेलोटेप लावू नका, पाकीट फेकू नका

मुलुंडच्या ताई, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. तुर्कस्तानच्या सुक्या अंजिरांचं पाकीट, त्यात साधारण तीन मिलिमीटरचा तपकिरी किडा, पाठीवर दोन पिवळट ठिपके, आणि तुमचा प्रश्न की हा बाहेरदेशातला काही भयंकर प्रकार आहे का, सगळ्या घराला पेस्ट कंट्रोल करावं का. अगदी ह्याच प्रश्नाने माझी एक दिवाळी गेली होती.

आधी उत्तर. फोटोवरून छातीठोक सांगत नाही, मी शास्त्रज्ञ नाही, पण पंख आखूड दिसतायत, शेपटीकडचे दोन-तीन वळे उघडे आहेत आणि ते दोन ठिपके, म्हणजे बहुतेक कार्पोफिलस हेमिप्टेरस, ज्याला सुक्या फळांचा भुंगेरा म्हणतात. तो अंजीर झाडावर पिकत असतानाच आत शिरतो, आंबूस वास आला की लांबून उडत येतो आणि अंगावरून यीस्ट नेऊन फळ आंबवतो. चावत नाही, माणसाला रोग देत नाही. जगभर पसरलेला आहे. घराला पेस्ट कंट्रोलची अजिबात गरज नाही.

आता माझं सांगते, कारण खरं नुकसान किड्याने केलं नव्हतं, मी केलं होतं. माझा घरगुती लाडूंचा आणि ड्रायफ्रूट बॉक्सचा व्यवसाय आहे. दिवाळीच्या आधी मशीद बंदरहून जर्दाळू, अंजीर, काळे मनुके मिळून बावीस किलो माल आणला, एक पाकीट फोडलं आणि चपटे, सुईच्या टोकाएवढे किडे सरसर पळाले. मी काय केलं, त्यातले तीन पकडून कोऱ्या कागदावर सेलोटेपने चिकटवले, बाजूला तारीख लिहिली, माल स्टीलच्या डब्यात ओतला आणि पाकीट कचऱ्यात टाकलं. मला वाटलं किती व्यवस्थित काम केलं.

सोसायटीच्या ग्रुपवर एकाने फोटो बघून लिहिलं, हा खापरा आहे, म्हणजे साठवलेल्या धान्याची नासाडी करणारा भुंगेरा, ह्याच्यासाठी परदेशात अख्खी जहाजं अडवतात. माझी झोप उडाली. मग एका कार्यालयात गेले, नाव सांगत नाही. पहिल्या टेबलावर म्हणाले सीलबंद पाकीट आणा, दुसऱ्या टेबलावर म्हणाले किरकोळ ग्राहकाचं सँपल आम्ही घेत नाही, तिसरे साहेब रजेवर. अकरा दिवस मी तो कागद घेऊन फिरले आणि कोणी साधी भिंगसुद्धा हातात घेतली नाही. एवढंच सांगायला हवं होतं की बाई, अमुक ठिकाणी जा! शेवटी भीतीने सगळा माल फेकला, सीलबंद पाकिटांसकट. व्यापारी पैसे परत द्यायला तयार होता पण लॉट नंबर मागत होता, तो कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेला होता.

नंतर ओळखीतून एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमकडे पोचले. त्यांनी टेपवर थेंबभर द्रावण सोडलं, बारीक ब्रशने किडा सोडवायला घेतला, तर पाय गोंदातच राहिले आणि मिशा केसासारख्या वळून चिकटल्या होत्या. त्या म्हणाल्या, अहो मिशांचं टोक आणि पोटाची बाजू हेच तर बघायचं असतं. एका किड्याची छाती तेवढी शाबूत होती, मायक्रोस्कोपखाली मला दाखवली, कडेला करवतीसारखे सहा दात. करवती भुंगेरा, ओरिझेफिलस. रव्यात, शेवयांत, बदामात, कुठेही होतो, आणि पाकिटाच्या घडीतल्या फटीतूनसुद्धा आत जातो. माझ्याच फळीवरच्या जुन्या रव्यात तो निघाला. म्हणजे परदेशी म्हणून ज्याला घाबरले तो घरातच होता! आणि खापरा तर मूळचा आपल्याच भारतीय उपखंडातला, परदेश घाबरतात ते आपल्याकडून जाऊ नये म्हणून. त्याच्या अळ्या केसाळ असतात, कातीचा ढीग पडतो, आणि त्याच्या जातभाईंतून नेमका तोच ओळखायला तोंडाचे भाग मायक्रोस्कोपखाली सोडवून बघावे लागतात. त्यामुळे मोबाईलच्या फोटोवर जो कोणी "खापराच" म्हणेल त्याचं ऐकू नका.

म्हणून किडा चिरडू नका, चिकटवू नका. एका छोट्या बाटलीत मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट घ्या, तीन-चार किडे अख्खे टाका, अळ्या असतील तर त्याही, आणि कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख, जागा, कशात सापडला ते लिहून चिठ्ठी आतच टाका. पेनाची शाई स्पिरिटमध्ये पसरते, पेन्सिल राहते. पाकीट जपा, त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर आणि लॉट असतो, तक्रार त्यावरच चालते. बाटली जवळच्या कृषी किंवा प्राणिशास्त्र विभागात दाखवा, नाहीतर पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे विचारून बघा.

उरलेले अंजीर घट्ट पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये उणे अठरावर चार-पाच दिवस ठेवा, अंडी-अळ्या सगळं मरतं. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ते नुसते सुस्त होतात. पण बुरशी दिसली किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या, अंजिरातल्या बुरशीचं विष फ्रीजरने जात नाही. तमालपत्र, लवंगा वगैरे ठेवून मला तरी कधी फरक दिसला नाही, आणि बाल्कनीत उन्हात पसरलं की किडे पळून शेजारच्या डब्यात जातात, पावसाळ्यात तर विचारूच नका.

एक मात्र हात जोडून सांगते. धान्यात टाकायच्या त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणूस मारतो, बंद फ्लॅटमध्ये तर फारच धोका. लाडवासाठी लेकरांचा जीव धोक्यात घालायचा नाही.

तुम्ही आता एवढंच करा, शाळेच्या पट्टीच्या मिलिमीटरच्या रेघांवर किडा उताणा ठेवून एक फोटो, बाजूने एक, मिशांचा एक, आणि व्हॉट्सॲपवर पाठवाल तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर सगळं धूसर होतं. मी आज रात्री लाडू वळून झाले की बघते.